ओला स्पंज

वणीच्या बसस्टँडमागे सत्यशीलाचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि त्याला लागूनच घर. ब्लाउज अंगात बसावा तर सत्यशीलाच्याच हातचा, असं आसपासच्या गावांतल्या बायका म्हणत. दोऱ्याचं टोक जिभेवर फिरवायचं आणि मग सुईत ओवायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. हाताला लागलेली सवय डोक्याला विचारत बसत नाही. पुढचा सगळा घोळ त्या सवयीनंच केला.

तिचा नवरा मारोती कोळसा खाणीत डंपर चालवायचा. मार्चमध्ये त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण मेंदूची सूज हटेना. बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातल्या नळीतून दूध आणि वरणाचं पाणी तेवढं पोटात जायचं. घरी सोडताना डॉक्टरांनी एक लहानसं यंत्र दिलं. सुई नाही, चिरफाड नाही. डाव्या कानाच्या खळग्यात चिमटा लावायचा, तिथल्या नसेतून बारीक करंट मेंदूकडे जातो आणि सूज उतरायला मदत होते, असं त्यांनी समजावलं. चिमट्याला हरभऱ्याएवढे दोन स्पंज होते. ते बाटलीतल्या मिठाच्या पाण्यानं ओले करायचे, सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं. घरी येणारी सिस्टर प्रियंका हे तीनतीनदा बजावून गेली.

नऊ दिवस काही फरक पडला नाही. दहाव्या दिवशी दुपारी दारात गिऱ्हाईक उभं, हातात सुई, आणि मारोतीच्या चिमट्याची वेळ झालेली. सत्यशीलानं चिमटा उचलला, स्पंज कोरडा दिसला, आणि हात आपसूक तोंडाकडे गेला.

काय केलं ते तिला जिभेवरच कळलं. नऊ दिवसांचा कानातला मळ त्या स्पंजात मुरला होता. कडू, तेलकट, आणि शेवटी किंचित गोडसर. शी! चिमटा तसाच त्याच्या कानाला लावून ती मोरीकडे पळाली, थुंकली, राखेनं जीभ घासली, तरी चव जाईना.

संध्याकाळी ती चुलीपाशी भाजी-भाकरी खात होती. खोलीतून आवाज आला.

"भाजीत... मीठ कमी हाये."

हातातला घास टाकून ती धावली. "काय म्हन्लं तुमी? पुन्हा बोला न!"

"मीठ," मारोती म्हणाला, आणि चक्क हसला.

ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. भाजीत मीठ खरंच कमी होतं. पण ती भाजी त्यानं कधी खाल्ली? हा प्रश्न तिला डोळे पुसल्यावर पडला.

बाई खुळी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मिठाचं पाणी लावून पाहिलं, मारोती मुका. तिसऱ्या दिवशी नाक दाबून स्पंज चाटला, मारोती दोन शब्द बोलला. मग बाटलीचं झाकण उघडलंच नाही.

मारोती सुधारत गेला. हाताची बोटं हलली, "सत्या" अशी हाक यायला लागली. तिच्या जेवणाची चव मात्र उडाली. वरण, ठेचा, चहा, सगळं सारखंच सपक. त्याऐवजी तोंडात दुसरंच काही यायचं. ओलसर, चिकट, कुजकं. गोणपाटाखाली उंदीर मेल्यावर खोलीत येतं तसं. तिला वाटलं, मारोतीच्या न धुतलेल्या तोंडाची ही चव. त्यानं आपली चव घेतली, आपल्याला त्याची आली. कापसाच्या बोळ्यानं ती दिवसातून चारदा त्याचं तोंड पुसायची, मग बाहेर जाऊन ओकायची. "नवऱ्याचंच तर हाये," असं स्वतःला बजावायची. तेवढ्यावर ती तग धरून होती.

एकदा किळस असह्य झाली. दोन दिवस तिनं परत मिठाचं पाणी लावलं. मारोतीचं तोंड वाकडं झालं, लाळ उशीवर ओघळली, आणि तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं निमूट स्पंज तोंडात घेतला.

पाच आठवड्यांनी नागपूरला तपासणी झाली. सूज जवळपास गेली होती. गिळता येतं असं ठरलं, नळी निघाली. घरी पहिला घास भरवताना प्रियंका समोर बसली होती. सत्यशीलानं मऊ खिचडी कालवून त्याच्या तोंडात घातली.

"मस्त झाली," मारोती म्हणाला.

सत्यशीला वाट पाहत होती. आता त्याच्या तोंडातली खिचडी आपल्या जिभेवर येईल. आली ती तीच कुजकी चव, आणखी दाट होऊन.

"प्रियंका," तिनं हळूच विचारलं, "ह्यायच्या तोंडाले... वास येते का वं?"

प्रियंका वाकली. "नाई ताई. एकदम साफ हाये. काहून?"

सत्यशीलानं मारोतीकडे पाहिलं. मारोतीनं घास गिळला होता, त्याचं तोंड थांबलं होतं. तिचेही ओठ मिटलेले होते. आणि तिच्या जिभेवर चावणं चालूच होतं. सावकाश, मचमच करत... कोणीतरी पोटभर जेवत होतं.

ती मोरीवर गेली. जिभेच्या मुळाशी काहीतरी अडकलं होतं. चिमटीत धरून ओढलं तर केस. जाड, पांढरा, ओढावा तितका येतच राहिलेला. तेवढा लांब पांढरा केस घरात कोणाच्याच डोक्यावर नव्हता.

आतून प्रियंकाचा आवाज आला, "ताई, मशीन आणखी दीड महिना चालू ठेवा. मधातच सोडू नका."

प्रियंका निघून गेली. दुपारची वेळ झाली. मारोतीनं आपणहून डावा कान पुढे केला. "सत्या, लाव न."

तिचा हात आधी बाटलीकडे गेला. मग तिनं त्याच्या सरळ झालेल्या तोंडाकडे पाहिलं, हात मागे घेतला, डोळे मिटले आणि स्पंजाला जीभ लावली.

पलीकडूनही कोणीतरी लावली.