चौथी सही

धुळ्यातल्या त्या जुन्या दुचाकी गाड्यांच्या दुकानात दिपमालानं इंजिनवर तळहात टेकवला आणि लगेच मागे ओढला. चांगलाच चटका बसला होता.

"सकाळपासून चालूसुद्धा केली नाही बघा," दुकानदार सांगत होता. सांगत होता तेही नानांकडे, तिच्या वडिलांकडे बघून. "थंडगार पडलीये."

"मग माझा हात काय लाजून लाल झाला का?" दिपमाला म्हणाली.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. ही सहावी गाडी होती, आणि सहाच्या सहा वेळा विकणारा तिच्याऐवजी नानांशी बोलत होता. जुन्या गाडीचं इंजिन गार असताना एका सेल्फमध्ये उठलं तर तब्येत ठणठणीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतात. आणि वर तोंड करून 'थंडगार' म्हणतात! दिपमालाचं डोकं त्या इंजिनपेक्षा जास्त तापलं होतं.

तिच्याकडे स्कूटी होती. पण स्कूटी ड्यूटीला, भाजीला, आईला देवळात सोडायला. थोडक्यात स्कूटी घराची. दुसरी गाडी तिला स्वतःची हवी होती. वाकून बसायची, स्पोर्ट्स, घाटात अंगावर येणारी. आई म्हणायची, "अगं, दवाखान्यात दिवसभर मोडक्या हाडांचे एक्स-रे तूच काढतेस ना? त्यातले निम्मे याच गाड्यांवरून पडलेले असतात!" नाना बोलायचे नाहीत. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस, पोरीचा स्टिअरिंगचा नाद कुठून आला ते त्यांना कळत होतं. त्यांनी एकच अट घातली होती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर विषय बंद, पुन्हा काढायचा नाही. आखाजीला आता पाच आठवडे उरले होते.

"ताई… माझी बघता का?"

तोच, मघाशी हसणारा. तिशीचा असेल. हेल्मेट काखेत, कपाळाला केस चिकटलेले, डोळ्यांत हसू अजून शिल्लक. मागे निळी गाडी उभी होती. दिपमालानं ती पाहिली आणि सहाही गाड्या विसरली.

"विकायची आहे?"

"हो… म्हणजे, नाही… म्हणजे विकायचीच आहे."

"एकदा काय ते ठरवा."

"ठरलंय. इथं ठेवायलाच आणली. पण आधी सांगतो, मागच्या सीटवर धड माणूस बसत नाही. कंबर दुखते. उन्हात मांड्या भाजतात. शिवाय टाकीवर पोचा आहे, आईनं कुरडयांचं घमेलं ठेवलं होतं…"

"अहो, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?"

तो ओशाळला. "अमळनेरहून चालवत आणलीय, आत्ता तापलेली असणार. रविवारी सकाळी घरी या. गार इंजिन दाखवतो. खरंखुरं गार." आणि हे सगळं तो तिच्याकडे बघून बोलला. नाना शेजारी उभे असताना! दिपमालाला ते जाणवलं, आणि जाणवलं म्हणून स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव भूषण. अमळनेरला ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं, फिल्टरचं दुकान. रोजच्या फिरण्याला साधी गाडी होतीच. ही निळी हौसेची. रविवारी तिनं इंजिनवर उलटा हात ठेवला. अगदी माठासारखं गार होतं. बटण दाबलं, गाडी एका दमात उठली. तिनं हँडलची टोकं पाहिली, ब्रेकच्या दांड्या पाहिल्या, पाय ठेवायच्या जागा पाहिल्या. पडलेली गाडी तिथंच कबुली देते. कुठे ओरखडा नव्हता. चक्कर मारून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून भूषणनं एक सुस्कारा सोडला.

"आवडली वाटतं."

"तुम्हाला वाईट का वाटतंय? नसेल विकायची तर सरळ सांगा, माझे रविवार फुकट आलेले नाहीत!"

उत्तर आतून आलं, कपबशांच्या आधी. "इकी टाक रे ती फटफटी!" भूषणची आई, प्रमिलाबाई, चहा घेऊन ओट्यावर आल्या आणि नानांसमोरच त्यांनी लेकाची अब्रू काढली. "तीन ठिकानना पाहुना दारवरतीन परत गयात. गल्लीमा चौकशी करतस, लोके सांगतस, तो का, फटफटीवाला! कोन पोर दी याले?"

"आई, मी चाळीसच्या वर चालवत नाही…"

"आवाज ते ऐंशीना येस ना!" मग त्या नानांकडे वळल्या. "लई जा भाऊ. आनी एकदाव इकी ना, ते मन्हा दारमा परत नको दिसाले."

"गाडी मी घेतेय मावशी," दिपमाला म्हणाली. "मीच चालवणार."

प्रमिलाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू चालाडशी? माय वं!" आणि बशीत तिच्यासाठी दोन बिस्किटं जास्त ठेवली.

गाडी दिपमालाच्या घरी, जळगावला आली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खरा वैताग इथूनच सुरू झाला.

गाडी नावावर करायची तर विकणाऱ्याची सही लागते, आणि ती त्याच्या ओळखपत्रावरच्या सहीशी जुळावी लागते. आरटीओची कामं करणारे निंबाभाऊ तिसऱ्या दिवशी कागद परत घेऊन आले. भूषणनं सही मराठीत ठोकली होती, ओळखपत्रावर इंग्रजीत. दिपमाला सुट्टीच्या दिवशी निळ्या गाडीवर अमळनेरला गेली, सही घेऊन आली. कागद पुन्हा परत. इंग्रजीत होती, पण खालची लांब शेपटी गायब! पुन्हा अमळनेर. या वेळी शेपटी होती, पण आडनाव जास्तीचं. निंबाभाऊंनी हात जोडले. "ताई, या माणसाला स्वतःचं नाव तरी ठाऊक आहे का?"

त्यात फोन. "चेनला तेल दिलं का?" "टायरात हवा बघितली?" एकदा तर दुपारी, ती एका पेशंटला 'श्वास घ्या… धरा' म्हणत असताना फोन थरथरला. पेशंटला सोडून तिनं तो घेतला.

"तुमचं चलान माझ्या मोबाईलवर आलंय," भूषण सांगत होता. "सिग्नलची पांढरी पट्टी ओलांडलीत तुम्ही. फोटोसकट."

"अरे देवा. पाठवा, मी भरते."

"भरलं मी. फोटो… छान आलाय."

"हेल्मेट आहे त्यात! चेहरा तरी दिसतो का?"

"नाही ना. तरी ओळखलं मी."

तिनं फोन ठेवला. मग पेशंटला म्हणाली, "सोडा, सोडा आता श्वास." तो बिचारा कधीचा सोडून बसला होता.

आखाजीचा दिवस उजाडला. गल्लोगल्ली झोके बांधलेले, माहेराला आलेल्या पोरींची गाणी, ऊन मात्र रखरखीत. दिपमाला चौथ्यांदा अमळनेरला निघाली. आज सही घ्यायची, आणि त्या माणसाला चार शब्द सुनवायचे. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

सणामुळे दुकान अर्धंच उघडं होतं. भूषण आत पाणी आणायला गेला. काउंटरवर माल पोचवल्याची वही उघडी पडली होती. तिनं सहज नजर टाकली, मग पान उलटलं, मग आणखी एक. प्रत्येक पानाखाली त्याची सही. इंग्रजीत, आडनावाशिवाय, लांब शेपटीसकट. साठ पानं, साठ सह्या, एकीतही केसाचा फरक नाही!

तो तांब्या घेऊन आला तेव्हा तिनं वही त्याच्याकडे फिरवली.

"हे काय आहे?"

त्यानं वही पाहिली. तांब्या खाली ठेवायचा राहूनच गेला.

"तीन वेळा! साठ-साठ किलोमीटर, या उन्हात! निंबाभाऊ मला वेडी समजायला लागलेत. मुद्दाम केलंत ना?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पहिली सही खरंच चुकली, शपथ. पण तुम्ही स्वतः आलात… मग दुसरी बरोबर करायला हात धजेना. बरोबर केली असती तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता?" तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पण एक विचारू? कागद एसटीच्या पार्सलनं पाठवता आले असते. तुमचे वडील तर एसटीतलेच."

दिपमालाची पाठ केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. की आलं होतं आणि तिनं ते घाईघाईनं दाबून टाकलं होतं? कान तापले. वैतागावं कुणावर, हाच प्रश्न पडला, कारण आता दोघंही एकाच माळेचे मणी निघाले होते.

"द्या तो कागद," भूषण म्हणाला. "आज नीट करतो. उद्या शिरपूरचे पाहुणे येताहेत. गाडी गेली म्हटल्यावर आईनं लगेच बोलावलं. त्याआधी तुमचं काम व्हायला हवं."

त्यानं सही केली. इंग्रजीत, आडनावाशिवाय, शेपटी ओढताना मात्र हात जरासा रेंगाळला. कागद तिच्यापुढे सरकवला आणि तो नुसता उभा राहिला, हालचाल न करता, तिच्या एक्स-रेच्या टेबलावरच्या पेशंटसारखा.

तिनं सही ओळखपत्राशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळत होती. म्हणजे काम संपलं. आता पुन्हा यायचं काही कारण उरलं नव्हतं. दिपमालाला एकदम रडू यायला लागलं आणि त्याचाही तिला भयंकर संताप आला.

"शिरपूरची मुलगी पाहायची आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग तोंड शिवलंय का तुमचं? गाडीचे दोष न विचारता सांगता, आणि हे सांगायला काय झालं?"

"तुम्ही नाही म्हणालात तर… म्हणून…"

"मी चौथ्यांदा आलेय इथं. आखाजीला, आईचा मांडे करायचा दिवस सोडून. अजून काय, दवंडी पिटू?"

भूषण अजून श्वास धरूनच उभा होता.

"सोडा आता श्वास," ती म्हणाली. "आणि दुकान बंद करा. तुमच्या आईला आजच सांगायचंय. उद्या शिरपूरची माणसं उगीच उन्हात यायला नकोत. मागे बसा."

"मागच्या सीटवर माणूस बसत नाही. मीच सांगितलं होतं."

"म्हणून तर बसा. कळू दे तुम्हालाही."

अमळनेरच्या भर बाजारातून निळी गाडी गेली. पुढे दिपमाला, आणि मागे टीचभर, उंच सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला फटफटीवाला. हात कुठे धरावेत ते त्याला कळेना. पहिल्या वळणावर त्यानं घाबरत तिच्या खांद्यावर एक बोट टेकवलं, दुसऱ्या वळणावर सगळा हात.

गल्लीतल्या झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून बघायला लागल्या. आवाज ओळखून प्रमिलाबाई लाटणं हातात घेऊनच ओट्यावर धावत आल्या.

"परत आनी का रे ती अवदसा? सांगेल व्हतं ना मी…" आणि मग त्यांना कोण पुढे बसलंय आणि कोण मागे, ते दिसलं. मागच्याचा हात कुठे आहे तेही दिसलं. लाटणं हवेतच राहिलं.

"आई," भूषण वरूनच म्हणाला, उतरायला पाय मोकळे होत नव्हते, "शिरपूरवाल्यास्ले फोन करी दे. उद्या येऊ नका म्हना."

"आनी काय सांगू त्यास्ले?"

"सांग, गाडी इकाई गयी. तिन्हासंगे पोऱ्याबी गया."

दिपमालानं हेल्मेट काढलं. प्रमिलाबाई पायऱ्या उतरून आल्या. टाकीवरच्या कुरडयांच्या पोच्यावरून त्यांनी पिठाचा हात फिरवला. मग तोच हात दिपमालाच्या गालावर ठेवला.

"आते खाले उतरा, मांडा खा," त्या म्हणाल्या. "पन जाताना धीरे चालाड माय. एकुलता एक पोऱ्या शे मन्हा, मांगे बशेल."