जुन्या टॅगची बॅग

लेकीकडे जायचं म्हणून मी शेजारच्या झुंबरबाईंकडून बॅग मागून आणली, एवढंच झालं.

बॅग त्यांच्या मुलाची, राजकुमारची. मस्कतला नोकरीला निघाला होता. बॅग मशीनमध्ये गेली आणि पोरगा विमानतळावरच छातीत कळ येऊन गेला. इथे खामगावात आम्हीच त्याला खांदा दिला. बॅग तशीच परत आली, टॅगसकट.

आमच्याकडे विमानाचा टॅग कुणी काढत नाही. चार लोकांना दिसावा म्हणून हँडलला लोंबत ठेवतात. झुंबरबाईंचं कारण मात्र वेगळं होतं.

"भाऊ, बॅग न्या, पन तो कागद कापू नका. त्याच्यावर त्याचं नाव हाय."

मी शब्द दिला.

जाताना रेल्वेने गेलो. परतताना विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, जुना टॅग काढा. आत बॅगांचे टॅग मशीनच वाचतं. दोन टॅग असले की बॅग भलतीकडे जाते."

"काढतो," म्हणालो, आणि तिची नजर चुकवून टॅग घडी करून हँडलखाली खोचला. चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, मशीनपेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं.

नागपूरला उतरलो. पट्टा फिरून फिरून रिकामा झाला. बॅग नाही. माझे कपडे गेले चुलीत, पण त्या माउलीला काय तोंड दाखवू? तक्रार लिहून घेणाऱ्याने माझा नंबर घेतला. "बॅग जिथे पोचेल तिथून फोनवर संदेश येत राहील," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

"काका, मशीनने जुना टॅग वाचला. बॅग मस्कतला गेली."

"मग परत मागवा ना!"

"मागवली असती... पण ती तिथे प्रवाशाने घेतली."

"कोणत्या प्रवाशाने?"

"टॅगवर नाव आहे त्यानेच... चेहरा जुळल्याशिवाय मशीन बॅग सोडत नाही."

शेवटी, खरं सांगून टाकू म्हणून भर दुपारी झुंबरबाईंकडे गेलो. त्या ओसरीवर ज्वारी निवडत होत्या.

"वहिनी... ती बॅग..."

"हाव, मालूम हाय मले." त्यांनी मानही वर केली नाही. "त्याचा फोन आला होता. बॅग भेटली म्हने. पन अंदर दुसऱ्याचेच कपडे हायत... कोनाचे म्हनून पुसत होता."

"मग?"

"तुमचं नाव सांगतलं."

"काऊन सांगतलं, वहिनी?"

"आता! लोकाचं सामान ठेवून घेईन का तो? तुमच्या घरीच आनून देतो म्हनला... निंगला बी."

त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

त्याला आज तीन दिवस झाले. मी लेकीला फोन केला नाही. काय सांगणार? परवा संदेश आला, बॅग मुंबईला उतरली. तिथवर ठीक होतं. काल आला, बॅग भुसावळला पोचली. भुसावळच्या स्टेशनावर विमानवाल्यांचं मशीन कुठून आलं?

हा बघा, आत्ताच आलाय. बॅग जलंबला पोचली.

जलंबहून गाडी अर्ध्या तासाच्या आत खामगावला येते.