उणे वजनाचा शब्द

ऋजुता सावे परदेशात अटकेत पडली, आणि कशामुळे, तर केकच्या दुसऱ्या तुकड्यामुळे! हसू नका, पुढे ऐका.

केळव्याची ही पोरगी उत्तरेकडच्या एका देशात बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवर संशोधन करायला गेलेली. तिथे जागोजागी शब्दकाटा बसवलेला. म्हणजे काय, तर यंत्र तुमचं बोलणं ऐकणार, वागणं बघणार, दोन्ही जुळलं तर तुम्ही खरे. प्रयोगशाळेतली माहिती चोरीला गेली, एकेकाला विचारलं. "मी नाही घेतली," ऋजुता म्हणाली आणि दिवा लाल, म्हणजे दोषी!

काटा घडवणारी मारेन कोठडीत आली.

"तू केकचा दुसरा तुकडा 'नको नको' म्हणतेस आणि खातेस?"

"आग्रह झाल्यावरच!"

"निघताना 'येते हं' म्हणतेस आणि जातेस?"

"मग काय 'जाते' म्हणू? आमच्यात मेलेलं माणूस जातं!"

मारेननं कपाळाला हात लावला. "काट्याला सगळ्या भाषा येतात गं, रीती येत नाहीत. तुझ्या शब्दाचं वजन शून्य नाही, उणे झालंय. तू म्हणशील त्याच्या बरोब्बर उलट तो खरं धरतो."

"म्हणजे मी खोटं बोलले तर..."

"तर सुटशील."

दुसऱ्या दिवशी ऋजुता बेधडक म्हणाली, "चोरी मीच केली." दिवा हिरवा, म्हणजे निर्दोष! एकदा अटक झाली म्हणून व्हिसा मात्र रद्द, लगेच देश सोडा. तिला तेच हवं होतं. बाबा पालघरला दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन अडवून बसलेले. ऋजू आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणे.

विमानतळावर शेवटच्या दाराशी नियम होता. घरी फोन करून बेत सांगायचा. माणूस खरंच देश सोडतोय हे काट्याला पटलं तरच दार उघडणार.

"ऋजू! सुटलीस? येतेस ना गं?"

'येते' अगदी ओठांवर आलेलं. तिनं गिळलं.

"नाही बाबा. मी येत नाही."

मग, "बरं बाळा."

दार उघडलं.

परत फोन करावा तर विमानातही काटा ऐकतोय. एक खरा शब्द, की खाली उतरवणार. मारेनला बाहेरून निरोप द्यायला सांगता आलं असतं, पण ते सुचलं विमान उडाल्यावर. सगळा प्रवास ती तेच उगाळत बसली.

मुंबईत उतरल्या उतरल्या फोन लावला. आत्यानं उचलला.

"आत्या, बाबांना सांग, मी आलेय!"

"आत्ता सांगतेस होय गं? तू नाही म्हणालीस आणि तो आपणहून डॉक्टरांना म्हणाला, चला, आता वाट कुणाची बघायची? स्ट्रेचर हललं तशी माझ्याकडे बघून म्हणाला, 'जातो.' मी ओरडले, दादा, येतो म्हण! तर म्हणाला, 'कुणासाठी?'"

"ऑपरेशनमधून तो परत आलाच नाही गं," आत्या म्हणाली.