चुका गिळणारं यंत्र

पुण्याच्या ध्वनिप्रयोगशाळेत हेरंबनं एकाच माणसाचे दोन निरोप लागोपाठ वाजवले. पहिला अस्खलित फिनिश. दुसराही म्हणे फिनिशच. पण तो ऐकताना डॉ. मृण्मयी सबनीसचा चेहरा उतरत गेला.

"दोन्ही आप्पांचेच?" तिनं विचारलं.

"तुझ्या वडिलांचेच. दुसरा त्यांनी बोललेला. पहिला आपल्या स्वरसंस्कारकानं समोरच्याला ऐकवलेला. उच्चार, व्याकरण, सगळं वाटेतच दुरुस्त, तेही त्यांच्याच आवाजात. समोरून उत्तर आलं, 'वा, छान!' मग आप्पा सुधारणार कसे?"

यंत्र मृण्मयीचंच. 'बोलकट्टा' या समाजमाध्यमावर लोक परक्या भाषांचा सराव करत, आणि कुणी चूक काढली की हिरमुसून पळून जात. म्हणून तिनं चूक कुणाच्या कानावर पडूच नये अशी सोय केली. लोक टिकले, कंपनी खूश झाली. आणि आप्पा रोज सकाळी चहा गार होईपर्यंत फिनलंडमधल्या कुणाकुणाशी बोलत बसू लागले.

कारण नात. मृण्मयीचा भाऊ कौस्तुभ तिकडे अपघातात गेला. मागे राहिली लहानगी हेल्मी आणि तिची फिनिश आई. भाषांतरयंत्र होतं की हाताशी! पण आप्पा हटून बसले. "पोरीचा बाप गेलाय. तिला जवळ घेऊन बोलायचं, ते काय डबड्याच्या तोंडून बोलू? भेटेन तेव्हा माझ्या तोंडानं बोलेन."

"त्यांना आजच सांग," हेरंब म्हणाला.

"अरे, संध्याकाळी हेल्मी यायचीय. आज नको रे."

बिचारी! आपणच घातलेला घोळ निस्तरायचा तर धीर कुठून आणायचा?

संध्याकाळी हेल्मी आली. प्रवासानं दमलेली तिची आई आत जाऊन झोपली. आप्पांनी तिला शेजारी बसवलं, घसा खाकरला आणि इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं म्हटली. पोरीला ओ की ठो कळलं नाही. पण आजोबांचं मन कसं मोडायचं? तिनं हसून मान हलवली. आप्पा केवढे खुलले!

मग हेल्मीनं त्यांचा हात धरला आणि तीच बोलू लागली. काहीतरी तुटक, वेडंवाकडं. जरा वेळानं मृण्मयीच्या ध्यानात आलं. पोर मराठी बोलत होती. तीही बोलकट्ट्यावरच शिकली होती! प्रयोगशाळेत दिवसभर असलेच, यंत्रानं न सुधारलेले कच्चे निरोप ऐकल्यामुळे मृण्मयीला अर्थ लागत गेला. हेल्मी विचारत होती, "त्या दिवशी मी बाबांशी भांडले होते. ते माझ्यामुळे गेले का?"

आप्पांना वाटलं, ही फिनिशच बोलतेय, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. आता एवढ्या लांबून आलेली नात जीव तोडून बोलतेय, तिला 'कळलं नाही' म्हणायचं? छे! त्यांनी तोंडभर हसून मान डोलावली. "हो गं बाळा, हो."

तेवढं मात्र हेल्मीला कळलं. तिनं हात काढून घेतला.

"नाही, नाही!" म्हणत मृण्मयी धावली. तिला पोटाशी धरून इंग्रजीत सांगत सुटली, अगं, आजोबांना तुझा प्रश्न कळलाच नाही, तू काय बोललीस ते त्यांना समजलंच नाही गं.

हेल्मीनं डोळे पुसले. "उगाच समजूत काढू नकोस, आत्या," तीही इंग्रजीतच म्हणाली. "मला मराठी चांगली येते. आजवर कुणीही माझी एक चूक काढलेली नाही."