भाकितफळा

प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी नगरपरिषद हायस्कूलच्या व्हरांड्यात भाकितफळ्यासमोर झुंबड उडायची. दहावीचे पेपर मार्चमध्ये, पण कोणाला किती टक्के पडणार हे फळा रोज सकाळी सांगून मोकळा व्हायचा. तो चुकत नाही हे एकदा मोठ्या लोकांना पटल्यावर जिल्ह्याच्या विज्ञान वसतिगृहाचा प्रवेशही परीक्षेवर राहिला नाही. प्रजासत्ताक दिनाला फळ्यावर ऐंशीच्या वर आकडा असला, तर दोन वर्षं राहणं, जेवणं, शिकणं फुकट. खाली असला, तर आईबापांच्या मागोमाग चुन्याच्या भट्टीवर.

मृणाली वाढई काल चौऱ्याऐंशीवर होती. आज एकोणऐंशी. मधल्या वेळात तिनं झोप काढण्याखेरीज काहीच केलं नव्हतं.

"रघ्यानं केलं," मागून निकेश म्हणाला. त्याचाही आकडा घसरला होता. "विज्ञानात भोपळा आणला त्यानं. आपला सगळा भट्टी मोहल्ला खाली आला."

जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, असा कायदा होता. फळा विचारायचा नाहीच मुळी, नुसता बघायचा. कोण कोणासोबत फाटकातून आत येतं, कोण कोणाच्या डब्यात हात घालतं, हे कॅमेरे टिपायचे आणि त्यावरून फळा इयत्ता न बघता मुलांचे सोबतगट पाडायचा. भट्टी मोहल्ल्यातली पोरं पहिल्यापासून घोळक्यानं यायची आणि डबे मध्ये ठेवून एकत्र जेवायची. त्यांचा गट पाडायला फळ्याला फारसं डोकं चालवावं लागलं नसणार. नंतर ती वेगवेगळी येऊ लागली, तोंड फिरवून जेवू लागली, पण जुनी सोबत फळ्याच्या हिशेबातून वर्षभर पुसली जात नव्हती.

मुलांनी घाबरू नये म्हणून दुर्गे सरांनी हे सारं वर्गात तराजू आणून समजावलं होतं. "गटातला एक खाली गेला, की सगळे थोडे खाली येतात. त्याचं नाव पटावरून कमी झालं, की त्याचं वजन सुटतं." सरांनी वजन उचललं आणि पारडं वर गेलं. बिचाऱ्या सरांनी इतकं चांगलं आधी कधी शिकवलं नव्हतं. भट्टीच्या पोरांना ते एका दमात समजलं.

आधी त्यांनी रघू नेवारेची पुस्तकं फाडली. मग त्याला गटारात ढकललं. रघू कपडे झटकून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वाचताना अक्षरं त्याच्यापुढून पळायची, पण शाळा त्याला मनापासून आवडायची. तो मृणालीचा शेजारी. तिची आई पहाटेच भट्टीवर जायची, म्हणून मृणालीची भाजी बहुतेक रोज रघूची आई करून द्यायची.

शेवटी एके दिवशी मोठ्या सुट्टीत निकेशनं रघूला पाण्याच्या टाकीमागे ओढत नेलं, मागोमाग मृणालीही गेली. हातपंपाचा तुटका दांडा तिथं पडलेला होता. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटून मातीत पडला. भट्टीच्याच दोघा पोरांनी रघूचे हात धरून ठेवले होते.

"दाखला काढतं का नाही बे?"

"शाळा सोडली तं बाबा मारन मले," रघू रक्त थुंकत म्हणाला.

निकेशनं पोटात लाथ घातली, आणखी एक घातली, मग धापा टाकत दांडा मृणालीपुढे धरला. "तूही हान. आकडा तुलेही पाह्यजे न? मंग आमीच काऊन हात घाण करायचे?"

तिला पळून जाता आलं असतं. सरांना हाक मारता आली असती. हे तिला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तिनं दांडा घेतला. तिला रघूचा राग आला होता, खरोखरचा राग, त्याच्या त्या न पळणाऱ्या हसऱ्या तोंडाचा. तिनं नडगीवर मारलं. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.

रघू ओरडला नाही. त्यानं तिच्याकडे वर पाहिलं. "मुने, तुही भाजी माह्याच डब्यात राह्यली न वं."

टाकीवरून पडलो, असं रघूनं घरी सांगितलं. पाय वाकडाच जुळला. दिवाळीआधी त्याच्या बापानं दाखला नेला आणि रघू भट्टीवर बसून दगड निवडू लागला. त्यानं कोणाचंच नाव घेतलं नाही, त्यामुळे त्याची आई मृणालीला भाजी देतच राहिली. ती खाताना मृणालीला स्वतःची किळस यायची. पण फळ्यावर शहाऐंशी होते, आणि तेही तिला हवेच होते.

मोहल्ल्यातली सातवीपर्यंतची शाळा पट कमी म्हणून दिवाळीनंतर बंद झाली आणि तिथली मुलं हायस्कूलला जोडली गेली. त्यात मृणालीची धाकटी बहीण दिव्यानी होती. नव्या रिबिनी बांधून, ताईचा हात धरून ती वाटभर उड्या मारत आली.

फाटकाशी निकेश उभा होता. त्यानं दिव्यानीकडे पाहिलं, मग व्हरांड्यातल्या फळ्याकडे. "ही का वं तुही बहीण? गणितात कशी आहे?"

"मले गणित नाही येत न दादा," दिव्यानी खळखळून हसली.

निकेश हसला नाही. त्याचे डोळे टाकीकडे वळून परत आले. दांडा अजून तिथंच होता. कोणी उचललाच नव्हता.

फाटकावरचा कॅमेरा वळला. हात आत्ता सोडला, तर दिव्यानी एकटीच आत जाईल आणि फळा तिला भट्टीच्या गटात घालणार नाही, निदान आज तरी नाही. आकडाही राहील, आणि दिवूही वाचेल. मृणालीनं स्वतःची अशी समजूत घातली. रघूच्या वेळीही तिनं अशीच काहीतरी घातली होती. तिची बोटं सैल पडू लागली.

दिव्यानीनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चाल न ताई, घंटा होते. थांबली काऊन?"