ओन्कोचे दोर

शेगडीत लाकूड सारा आणि जवळ सरकून बसा. ऐकायचं असेल तर मध्ये बोलायचं नाही. तोकुशिगे माझ्या बरोबरीचा, याच बागेत जन्म घालवलेला. त्याच्यावर गुदरलं ते त्यानं स्वतः मला सांगितलंय.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र. बायकोनं सोया सॉस आणायला पाठवलं म्हणून तोकुशिगे घराबाहेर पडला. दुकान डावीकडे, हा वळला उजवीकडे, बागेच्या वाटेला. खिशात दोर कापायचा चाकू होता.

का, ते सांगतो. बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून खांबाच्या टोकावरून पेंढ्याचे दोर सोडतो ना आपण, तसाच बागेतला आपला जुना ओन्को वृक्षही दर हिवाळ्याआधी बांधायचा. वर चढून दोर सोडायचा मित्सुझुका, खाली गाठी मारायचा तोकुशिगे. तीस वर्षं. फोटो मित्सुझुकाचे, वाहवा मित्सुझुकाची. तोकुशिगेच्या पोटात दुखायचं आणि तो ते लपवायचाही नाही. उन्हाळ्यात मित्सुझुका वारला. याला वाटलं, आता तरी ओन्को आपला. बागेच्या साहेबांनी तो दिला मित्सुझुकाच्या लेकीला, चिसातोला.

काम उरकल्यावर तिनं विचारलं, "काका, बघा ना, जमलंय का?"

"बापाची लेक तू. तुला माझं सर्टिफिकेट कशाला?"

ती नुसती हसली. त्या हसण्यानं हा आणखी पेटला.

त्या रात्री बर्फ जोराचा येणार होता. दोर कापले की फांद्या मोडणार आणि बोट चिसातोकडे जाणार. ओन्को म्हणजे गावाचा जीव. मग तिच्या हाती कुणी रोपटंसुद्धा दिलं नसतं.

कुंपण ओलांडून तो झाडाखाली आला. चिसातोची शिडी खांबाला तशीच टेकलेली होती. बर्फ सुरू झाला. त्यानं एक दोर कापला. मग दुसरा. एका अंगाचे सगळे कापले. फांदी कुरकुरली...

वरून काहीतरी आलं. गालाला घासलं.

दोर. नवा.

त्यानं वर पाहिलं. अंधार... नुसता बर्फ.

"तोकु, ओढ."

...

"बेतानं."

आवाज ओळखीचा. पळावंसं वाटत होतं, पाय हलेनात. पण हातांनी दोर धरला. ओढला. गाठ मारली. तीस वर्षांची सवय ती. लगेच दुसरा दोर आला. मग आणखी एक...

तो रडत होता, शिव्या घालत होता. "मेलास, तरी वरची जागा सोडत नाहीस रे."

वरून फक्त... "ओढ."

पहाटे चिसातोला तो झाडाखाली कुडकुडत बसलेला सापडला. त्यानं सगळं कबूल केलं, लाज न ठेवता. तिनं आपला कोट त्याच्या अंगावर टाकला. बराच वेळ गाठींवरून हात फिरवत राहिली.

"काका, या गाठी माझ्यापेक्षा सरस झाल्यात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण दोर सोडले कुणी?"

दोघांनी शिडीकडे पाहिलं. पायरीपायरीवर बोटभर बर्फ, कुठं पाऊल उमटलेलं नाही.

फक्त सगळ्यात वरची पायरी... कोरडी ठणठणीत. माणूस बसेल एवढीच.