बादलीची निळी कड

स्वारगेट-भोर एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते, तेवढ्यात शेजारच्याने माझ्या मांडीवर पाण्याने भरलेली पिशवी ठेवली.

"जरा धरता का? तिकीट काढेपर्यंत."

आधी ठेवली आणि मग विचारलं! मी तोंड उघडणार, तोच पिशवीत काहीतरी हललं. लांब पांढऱ्या मिशा, लाल पाठ, पाठीवर पांढरा पट्टा... एक इवलीशी कोळंबी माझ्याकडेच बघत होती.

"चावत न्हाई ती," तो म्हणाला.

"मीसुद्धा नाही. दातांची डॉक्टर असले तरी."

तो हसला. डावीकडचा सुळा थोडा पुढे होता. आमच्या धंद्यात आधी तेच दिसतं. मग डोळे दिसले... आणि मी घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागले.

कंडक्टरने पिशवीकडे बोट केलं. "ह्याचं हाफ का फुल?"

"मांडीवर बसलंय की ओ! मांडीवरच्याला कुठं तिकीट असतं?"

त्याचं नाव मानसिंग. मी नाव ऐकून हसलेच, कारण मानसिंग म्हटलं की मला फेटा आणि झुपकेदार मिशाच दिसतात. "आजोबांचं नाव हाय," तो म्हणाला, "मिशा तेवढ्या हिला दिल्यात." भोरच्या बाजारपेठेत त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि दर गुरुवारी तो पुण्याहून समुद्रातले जीव आणायचा. कापूरहोळला मी उतरले तोवर पिशवी माझ्याच मांडीवर होती. तिकीट कात्रजलाच काढून झालं होतं.

किकवीत माझा दवाखाना सुरू होऊन सहाच महिने झाले होते. लोक यायचे आणि मशीनचा आवाज ऐकून परत जायचे. बाहेरच्या खोलीत समुद्राची एक छोटी टाकी ठेवावी, म्हणजे बघता बघता भीती जाईल, हे माझ्या डोक्यात होतंच. आता तर ते काम कुणाला सांगायचं तेही ठरलं.

मानसिंगने साठ लिटरची टाकी लावून दिली. दगड, वाळू, नारिंगी माशांची जोडी, काचेवरून फिरणाऱ्या चार गोगलगायी आणि ती एसटीतली कोळंबी. माझ्या मदतीला असणाऱ्या मंगलताई तिला बघून म्हणाल्या, "अगंबाई, नवरीच जणू!" झालं, नाव पडलं.

"दर रविवारी थोडं पाणी बदलायचं," मानसिंगने सांगितलं. "आरओच्या पाण्यात हे समुद्राचं मीठ कालवायचं. त्यासाठी बादली नवी घ्या आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका."

"हो हो," मी म्हणाले. माझं लक्ष त्याच्या कोपरापर्यंत ओल्या झालेल्या हाताकडे होतं.

रविवार आला आणि बादली घ्यायचं राहून गेलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक पांढरी बादली पडवीत पालथी पडलेली होती. रंगाची जुनी बादली. तळाशी निळसर कड होती... रंगच असणार. दोनदा विसळली आणि मीठ कालवलं.

गुरुवारी मानसिंग पुण्याहून येताना कापूरहोळला उतरून वडापच्या जीपने किकवीला आला. पाणी तपासायला, म्हणे. मी खुर्चीत अक्काबाईंना बसवलं होतं. साठीच्या, तोंडाने फटकळ, मिशरीशिवाय सकाळ न होणाऱ्या. मी त्यांना चांगली झापत होते. "मिशरी सोडली म्हणता आणि हिरड्यांना ही काळी कड कसली? खोटं बोललेलं मला एका मिनिटात कळतं."

तेवढ्यात दारातून आवाज. "डॉक्टर, बादली नवी घेतली न्हवं?"

आता अक्काबाईंसमोर काय सांगणार?

"म्हणजे काय! नवी कोरी."

एवढंसं तर खोटं. पुढच्या रविवारी नवी आणली की खरंच होईल, असं मी मनाला समजावलं. पण एकदा घेतली म्हणून सांगितल्यावर घ्यायची घाई उरली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तीच बादली.

आधी गोगलगायी गेल्या. मग नवरी. मानसिंगने दुसरी आणली, तीही चार दिवसांत आडवी झाली. मासे मात्र मजेत होते. तो दर गुरुवारी छोट्या नळ्यांमध्ये थेंब टाकून रंग बघायचा. मीठ बरोबर, उष्णता बरोबर, घाण नाही. मी टॉर्च धरायचे. तो दगडामागे बघायला वाकला की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि दोघंही असं वागायचो, जसं काही लागलंच नाही...

"टॉर्च हलतोय, डॉक्टर."

"हलू दे."

"दगड तिकडं हाय, तुमी माझ्या तोंडावर उजेड पाडताय."

खरं सांगते, मला ती टाकी बिघडलेलीच बरी वाटायला लागली होती.

आणि मग तिसरी नवरी गेली. खोली पेशंटांनी भरलेली, ती वाळूवर उताणी पडलेली, कुणीतरी म्हणालं, "हितं कोळंबी जगंना, आपली दाढ काय जगायची?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. किकवी-सारोळ्याच्या व्यापाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर मी तिथल्या तिथे लिहिलं: भोरच्या मानसिंग यांच्याकडून कुणी मासे घेऊ नयेत, रोगट जीव विकतात. खाली नाव. नावाआधी 'डॉ.' लावायला विसरले नाही.

त्या ग्रुपवर मानसिंगही होता, अण्णाही होते. सारोळ्याच्या धनाजींनी त्यांच्या हॉटेलासाठी मोठ्या टाकीची ऑर्डर दिली होती. डॉक्टरच असं म्हणतात म्हटल्यावर नको, असं लिहून त्यांनी ती रद्द केली.

त्या रविवारी मी अंजिराच्या बागेत गेले तर अण्णा फवारणीची तयारी करत होते. पुढ्यात तीच पांढरी बादली. आत निळंशार पाणी.

"अण्णा... ही बादली?"

"मोरचुदाची हाय. तांबेऱ्यावर मारायला. लांब हो, ईष असतंय ते. गोगलगायबी जगत न्हाई ह्यात."

माझे कान तापले. मोबाईलवर वाचलं. मोरचूद म्हणजे तांबं. पाण्यात चिमूटभर उतरलं तरी मासे तग धरतात, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. तीन नवऱ्या मी मारल्या होत्या आणि खून त्याच्या नावावर लावला होता.

गुरुवारी तो येणार नाही याची खात्री होती. तो आला. हातात पिशवी नव्हती.

"तुमी लिहिलं ते बरोबर असंल," तो खाली बघत म्हणाला. "माझ्याच दुकानात काहीतरी दोष हाय. मोठी टाकी रिकामी करून घासली. जिवंत होतं ते पुण्याच्या दुकानदाराला परत दिलं. आता समुद्रातलं आणणंच बंद करणार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण आतल्या खोलीत दोन पेशंट, दारात मंगलताई, आणि समोर तो, माझ्या चुकीची माफी मागणारा...

"चहा घेणार?" मी विचारलं.

तो नको म्हणाला आणि गेला. स्वतःचीच एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आरशात बघून दात घासायचीही लाज वाटावी, इतकी.

शुक्रवारी सकाळी दवाखाना बंद ठेवून बादली घेऊन मी भोरला गेले. त्याच्या दुकानात मोठी टाकी कोरडी पडली होती, काचेवर मिठाचे पांढरे ओघळ होते. मी बादली काउंटरवर ठेवली आणि निळ्या कडेवर बोट ठेवून सगळं सांगितलं. एका दमात, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. "मोरचूद."

"हो."

"तांबं सोडून समदं तपासलं मी. तुमी बादली नवी म्हणालात. मग तांबं येणार कुठनं?" जरा थांबून त्याने विचारलं, "कधी कळलं तुमाला?"

"रविवारी."

"म्हंजे काल मी आलतो तवा..."

"माहीत होतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फडकं उचललं आणि कोरडीच काच पुसायला लागला. मी मोबाईल काढला, बादलीचा फोटो घेतला आणि लिहायला लागले.

"काय करताय?" त्याने वळून बघितलं. "थांबा. दवाखाना नवा हाय तुमचा. जिला बादली धुता येत न्हाई ती दात काय धुणार, म्हणतील लोकं."

"म्हणू देत."

मी लिहिलं: मानसिंग यांचा माल चोख होता. मी अण्णांच्या मोरचुदाच्या बादलीत टाकीचं पाणी कालवलं. त्यांनी विचारलं तेव्हा नवी आहे असं खोटं सांगितलं, आणि कळल्यावरही पाच दिवस गप्प बसले. मला लाज वाटते. या वेळी 'डॉ.' लावलं नाही.

पहिलं उत्तर अण्णांचं आलं: "बादली माजी हाय. कुटं नेलीस? फवारणी ऱ्हायलीय."

मला रडता रडता हसू आलं. मानसिंग हसला नाही. त्याने बादली माझ्या हातात दिली. "अण्णांना नेऊन द्या," एवढंच म्हणाला.

तीन दिवस दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी अक्काबाई आल्या. खुर्चीत बसल्या आणि आ करायच्या आधी म्हणाल्या, "पोरी, म्याबी मिशरी सोडल्याली न्हाई. तू येवढ्या लोकांत खरं बोललीस, मग मला कसली आलीय लाज? बघ काय ते." त्यांनी मग गावभर सांगितलं असावं, कारण पेशंट हळूहळू यायला लागले. धनाजींची ऑर्डर मानसिंगकडे परत गेली, तेही अक्काबाईंकडूनच कळलं.

मानसिंगने भोरच्या वडापने नवे दगड, नवी वाळू आणि पाणी साफ करायचा कोळसा पाठवला. दहा दिवसांनी एक नवी कोळंबीही. चिठ्ठीत एकच ओळ होती: आधीचे दगड टाकून द्या, त्यात तांबं मुरलंय. तो स्वतः आला नाही. मीही फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

मग एका सोमवारी दवाखाना उघडला, तर वाळूवर नवरी पडलेली. फिकट, पारदर्शक, हलेना. मी कसलाही विचार न करता फोन लावला.

"नवरी गेली... पण बादली नवी होती, शपथ! लाल आहे, तिचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नाही..."

"आलो," तो म्हणाला.

तो भोरहून गाडीवर आला. बाकावर दाढ धरून अक्काबाई बसल्या होत्या. त्याने टाकीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझा दातांचा चिमटा मागून घेतला. चिमट्यात धरून नवरीला वर काढलं. ती आतून पोकळ होती.

"ही नवरी न्हाई. हे तिचं जुनं कवच." त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. "तिकडं बघा. दगडामागं."

दोन पांढऱ्या मिशा. जिवंत, हलणाऱ्या.

"वाढायचं तर जुनं टाकावं लागतं तिला," तो हळू आवाजात म्हणाला. "नवं घट्ट होईस्तोवर अंग लई मऊ असतं. समोर यायची भीती वाटती. मग बसती लपून."

"किती दिवस?"

"दोन... तीन." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी त्या शुक्रवारपासनं सतरा लावलेत."

मी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला. "तुम्ही मोजले?"

"आधी मी इचारणार," तो म्हणाला. "आता एक खरं सांगायचं. दिवसातनं दोनदा ब्रश करता?"

"...नाही. रात्रीचा कधी कधी राहतो."

"आणिक?"

"आणि..." बाकावर अक्काबाई होत्या, दारात मंगलताई. असू देत. "आणि टाकी बिघडली नाही तरी तुम्ही दर गुरुवारी यावं, असं मला वाटतं. एसटीत तिकीट काढून झाल्यावर मी पिशवी परत दिली नाही, ती मुद्दाम. मला तुम्ही आवडता, मानसिंग. फार आवडता."

तो बघतच राहिला. कानांच्या पाळ्या नवरीसारख्या लाल.

"आता बोल की रं काहीतरी!" अक्काबाई बाकावरून खेकसल्या. "माजी दाढ ठणकतीया हितं!"

"पिशवी..." मानसिंग कसाबसा म्हणाला, "मीबी मुद्दामच ठेवली होती. माझ्या पलीकडची सीट मोकळी होती."